कमी बजेटमध्ये दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार: कोणती घ्यावी आणि रोज वापरता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट बेताचं आहे, गाडी जुनीच घेणार आहात, मन माझदा एमएक्स-५ आणि पोर्श बॉक्स्टर या दोघींत अडकलंय, आणि तीच एकमेव गाडी म्हणून रोज वापरायची आहे. मी बरीच वर्षं जुनी एमएक्स-५ चालवतोय, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तेवढं वजा करून वाचा.

आधी बॉक्स्टर. १९९६ साली आलेली पहिली पिढी आज सगळ्यात स्वस्त मिळते आणि चालवायला ती सरसच आहे. सीटांच्या मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन वर चढायला लागलं की बाकी हिशेब सुचत नाहीत. अडचण नेमकी तिथेच आहे. गाडीची किंमत उतरली म्हणून पार्ट्सची उतरत नाही. शिवाय त्या इंजिनात आयएमएस नावाचं एक बेअरिंग असतं. ते गेलं तर बहुतेक वेळा इंजिनच घेऊन जातं. सगळ्यांचं जातं असं मुळीच नाही, पण ते बदललं असल्याचं बिल बघितल्याशिवाय विक्रेत्याशी भावाचं बोलूही नका. खरेदीनंतरही एखादी मोठी दुरुस्ती झेलता येईल एवढी रक्कम हाताशी असेल, तर खुशाल घ्या. सगळं बजेट खरेदीतच संपणार असेल तर नको.

बाकीच्या गाड्यांचं झटपट सांगतो. होंडा एस२००० चं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं, पण तिचे भाव आता ‘परवडणारी’ म्हणण्यापलीकडे गेलेत. १९९९ ते २००७ मधली टोयोटा एमआर२ हलकी आणि चपळ. मात्र सुरुवातीच्या गाड्या ऑइल पितात आणि सामान ठेवायला सीटांमागच्या कप्प्यांपलीकडे फारसं काही नाही. बीएमडब्ल्यू झेड३ बघायला गेलात तर डिक्कीतला गालिचा उचला, कारण डिफरेन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जिथे टांगलेलं असतं तिथला पत्रा फाटतो. एमजीएफ या गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) हे तर जुनं, सर्वज्ञात दुखणं आहे.

एमएक्स-५ पहिल्यांदा दिसली ती १९८९ च्या शिकागो मोटार शोमध्ये. १.६ लिटरचं इंजिन, साधारण ११५ हॉर्सपॉवर. हा आकडा ऐकून मित्र हसतील, हसू द्या. गाडीचं वजन एक टनाच्या आत आहे आणि सगळी गंमत त्या वजनात आहे. वळणावर गाडी लगेच वळते, ब्रेकवर ओझं येत नाही, टायर लवकर झिजत नाहीत, आणि कायदा न मोडताही इंजिन पुरेपूर पिळल्याचं समाधान मिळतं. दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरची गाडी साध्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या पुढे बहुधा कंटाळतच असते. शिवाय २०१६ मध्येच या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे क्लचपासून छताच्या रबरापर्यंत सगळं मिळतं.

पिढी कोणती घ्यायची हे तुमची उंची ठरवेल. पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे २००५ पर्यंतच्या गाड्यांत, स्टिअरिंग वरखाली होत नाही. बसून बघा: गुडघा त्याला घासतो का? काचेची वरची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते का? तसं असेल तर २००५ ते २०१५ ची तिसरी पिढी बघा. ती जरा अंगाने भरलेली आहे, पण जागा बरी आणि टायमिंग बेल्टऐवजी (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा) चेन आहे. आधीच्या गाड्यांचा बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरला बदलावा लागतो.

आता खरं महत्त्वाचं. या गाड्या इंजिनामुळे मरत नाहीत, पाण्यामुळे मरतात. कापडी छतावरून वाहणारं पाणी सीटांच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली पडतं. त्या नळ्यांत पानं, धूळ, छताचे धागे साचून गाळ होतो. मग पाणी दुसरी वाट शोधतं आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं. पत्रा आतून सडत जातो. बाहेर रंग मात्र तकतकीत! मागच्या चाकाच्या अगदी पुढे, दाराखालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघा. रंगाखाली फुगे लागले, किंवा तिथे नुकताच जाड काळा थर मारलेला दिसला, की सावध व्हा. दुसऱ्या पिढीत पुढच्या चॅसीच्या दांड्याही खालून बघायच्या. छत बंद ठेवून सीटमागच्या गालिच्याखाली हात घाला. ओल लागली किंवा कुबट वास आला, तर ‘गाडी कायम गॅरेजमध्येच असायची हो’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. शक्यतो पावसात गाडी बघायला जा. विक्रेत्याची हरकत नसेल तर सीटमागे त्या नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी ओता. चाकाजवळ जमिनीवर धार पडली पाहिजे. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं बदलता येतं. सडलेला पत्रा कापून जोडायला निघालात तर खर्च गाडीच्या किमतीवर जातो.

घेतल्यावरही त्या नळ्या वर्षातून एक-दोनदा मऊ नायलॉनच्या दोरीने साफ करा. तार घालू नका, नळी फाटते. छत ओलं असताना दुमडून ठेवायचं नाही. पहिल्या पिढीची मागची काच प्लॅस्टिकची असते. छत खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडायची, नाहीतर घडी पडून तडकते. थंडीत तर हमखास. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिक्कीत असते, म्हणून तिला वायू बाहेर सोडणारी नळी असलेलीच बॅटरी लागते. साधी बसवली तर डिक्कीचा पत्रा गंजतो.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या फारशा चालत नाहीत, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. मागच्या चाकांना ताकद, ओला रस्ता आणि कडक झालेलं रबर, त्यात जुन्या गाडीत सावरून घेणारं इलेक्ट्रॉनिक्सही नाही. घेतल्याबरोबर बदलायचा पहिला भाग तोच.

आणि रोजच्या वापराचं? जमतं, पण हायवेवर छत बंद असतानाही आवाज एवढा असतो की फोनवर बोलणं विसरा. भर उन्हात छत उघडायचा मोह पहिल्या महिन्यात टिकतो. नंतर सकाळी आणि संध्याकाळीच उघडतं. कापड ब्लेडने कापता येतं, म्हणून आत काहीही किमती ठेवायचं नाही. दोन मध्यम बॅगा डिक्कीत मावतात. पण घरात तिसरं माणूस असेल, आई-वडिलांना दवाखान्यात न्यावं लागत असेल, किंवा मूल होणार असेल, तर एकमेव गाडी म्हणून घेऊ नका. एखादी साधी जुनी हॅचबॅक सोबत ठेवा आणि त्यासाठी एमएक्स-५ एक पिढी जुनी घ्यावी लागली तरी चालेल. बॉक्स्टर घेतलीत तर त्या दुसऱ्या गाडीला पैसे उरणार नाहीत, हेही माझ्या उत्तराचं एक कारण आहे.