चोळीबांगडीची दीड एकर आणि 2011 मधली एक सही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आजोबांनी चार माणसांसमोर तुमच्या आईला दीड एकर चोळीबांगडीसाठी, म्हणजे लेकीला माहेरची भेट म्हणून, तोंडी दिली, ते 1998 मध्ये गेले, आजीही आता नाहीत, सातबारा दोन्ही मामांच्या नावावर आहे आणि कसताय मात्र तुम्ही. आता तिथे डाळिंब लावायचंय, खर्च 13 लाख, म्हणून विचारताय की 9 लाखांची एफडी मोडून वर 4 लाखांचं गोल्ड लोन घेऊ का.

नको. एफडीला हात लावू नका, सोनं घरातच राहू दे.

हिशोब बघा, एफडीचं बुडणारं व्याज वर्षाला साठ-पासष्ट हजार, गोल्ड लोनचं चाळीसेक हजार, म्हणजे वर्षाला लाखभर. नवीन डाळिंबाला पहिला बहार धरायलाच दोनेक वर्षं जातात, त्यामुळे पैसा दिसेपर्यंत 13 चे 15 लाख झालेले असतील. दुसऱ्या वर्षापासून 5 लाख नफा कोणी सांगितला तुम्हाला? आणि ठिबकचं अनुदान, पीक कर्ज, सगळीकडे सातबारा लागतो, तो तुमच्या नावावर नाहीये.

जमीन अशी तोंडी देता येत नाही हो. हिंदू कुटुंबात स्थावराचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं. शेजारी म्हणतात 12 वर्षं वहिवाट झाली की जमीन आपली, तेही चूक, कारण तुम्ही मामांच्या संमतीने कसताय, आणि संमतीची वहिवाट 40 वर्षं चालली तरी मालकी होत नाही.

पण मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची. "2011 ला मामांच्या कर्जासाठी आईने एक सही दिली होती." ताई, ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडून दिल्याचा कागद, तर नव्हतं ना? गावोगाव बहिणींच्या सह्या अशाच कर्जाचं नाव सांगून घेतल्यात.

कारण कायद्याने तुमची आई चोळीबांगडीवर अवलंबूनच नाही. आजोबांची एकूण 6 एकर, वारस तिघं, दोन मामा आणि आई, म्हणजे तिचा हिस्सा 2 एकर, आणि तुम्ही दीड एकर उपकार समजून कसताय! वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, वडील त्याआधी वारले असले तरी, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. मामा म्हणाले की वाटणी आधीच तोंडी झाली होती, तर तसलं नुसतं म्हणणं कोर्ट सहजासहजी मानत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

म्हणून आधी जुने सातबारे आणि 1998 पासूनचे सगळे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. आईचं नाव वारस म्हणून लागलं होतं का आणि 2011 च्या सुमारास कशाने कमी झालं, ते त्यात लिहिलेलं असतं. तलाठ्यापुढच्या नुसत्या जबाबावर कमी केलं असेल तर हक्क शाबूत आहे असं धरून वकिलाकडे जा, फेरफाराने मालकी जात नाही. मग मामांशी गोडीने बोलून नोंदणीकृत वाटणीपत्र करा, त्याला स्टँपही किरकोळ लागतो. पण हक्कसोड रजिस्टर झालेलं असेल तर हिस्सा गेलेला आहे, फसवून सही घेतली म्हणून दावा होतो का ते वकील सांगेल, नाहीतर मामांनी राजीखुशीने बक्षीसपत्र करून द्यायला हवं. थोरले मामा 76 वर्षांचे आहेत म्हणता, उद्या वारसनोंद होऊन मामेभावांची नावं लागली की आजोबांचा शब्द आठवणारं कोणी उरणार नाही.

आणि ती लाखभर हप्त्याची पॉलिसी, "बँकेला दाखवली की जमिनीवर कर्ज मिळतं" म्हणून एजंटने गळ्यात मारलेली, धादांत खोटं आहे ते, संताप येतो असं काही वाचलं की. हातात पडून 30 दिवस झाले नसतील तर आजच लेखी अर्ज देऊन परत करा.

आज संध्याकाळी आईला शांतपणे विचारा, 2011 ला सही नेमकी कुठे केली, तलाठ्याकडे, बँकेत, की तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो आणि अंगठा घेतला होता? फोटो आठवत असेल तर तो कागद रजिस्टर झालेला असण्याची शक्यता आहे, मला लगेच कळवा.