‘डोक्यात काही शिरत नाही’ म्हणून क्लास सोडायला निघालेल्या काकू

पन्नाशीच्या आसपासची माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो, फक्त शब्द वेगळे असतात. गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं, "मॅडम, उत्साहाने क्लास लावला, पण सगळे माझ्या पुढे जातायत, मला काहीच लक्षात राहत नाही, आता वय झालं असेल का?" त्यांना मी फोनवर थोडक्यात सांगितलं, पण तेव्हापासून मनात लालबागच्या काकू घोळतायत, म्हणून त्यांचीच गोष्ट इथे सविस्तर लिहितेय. काकूंना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू आल्या तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या. चाळीत राहतात, घरून डबे देतात, सकाळी बारा डबे आणि संध्याकाळी आठ. परळच्या एका संस्थेत तीन महिन्यांचा कोर्स लावला होता, बेसिक कॉम्प्युटर आणि व्यवहारापुरतं इंग्रजी, आठवड्यातून तीन दिवस दुपारी तीन ते साडेचार. हेतू एकदम स्पष्ट होता, ऑफिसवाल्या गिऱ्हाईकांना महिन्याचं बिल टाईप करून द्यायचं आणि कोणी इंग्रजीत ऑर्डर टाकली तर मुलाला विचारत बसायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मॅडम, पैसे गेले तर गेले, मी सोडतेय. माझं डोकं आता फक्त पोळ्या लाटण्यापुरतं उरलंय."

हे वाक्य त्या रडत नाही तर अगदी शांतपणे बोलल्या, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बोलता बोलता शाळेचा विषय निघाला. काकूंचे वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा काकू आठवीत, घरात पगार यायचा बंद झाला, आई घरोघरी पोळ्या करायला लागली आणि पुढच्या वर्षी काकूंची शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी काढलं नाही, फक्त एक दिवस गेल्या नाहीत आणि मग गेल्याच नाहीत. गिरणगावातल्या कितीतरी घरांत असंच झालंय, मुलींची नावं पटावरून आधी गेली. यात सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे त्यांचे वडील स्वतः गिरणीतून सुटल्यावर नाईट स्कूलला जायचे. तशी ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे, महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि कामगारांसाठीचं देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ १९६७ ला आपल्या वरळीत निघालं. म्हणजे दिवसभर राबून संध्याकाळी पाटी धरणारी माणसं या शहरात नवीन नाहीत. पण काकूंच्या डोक्यात वर्ग म्हटलं की अजून तीच आठवीची मुलगी उभी राहत होती, उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर मान खाली घालणारी.

म्हणून तर फॉर्म भरायलाच त्या दोनदा संस्थेच्या दारातून परत आल्या होत्या, का तर शाळेचा दाखला सापडत नव्हता. तिसऱ्यांदा धीर करून विचारलं तर आधार कार्ड आणि दोन फोटो एवढंच हवं होतं. बऱ्याच छोट्या कोर्सना दाखला लागत नाही, काही ठिकाणी लागतो, पण काउंटरवर विचारायला लाज वाटते हीच पहिली परीक्षा होऊन बसते. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून नाव आणि शिक्षण सांगायला लावलं. काकू म्हणाल्या "आठवी" आणि मागून कोणीतरी हसलं. त्यांच्यावरच हसलं का ते मला माहीत नाही आणि त्यांनाही नाही, पण त्या दिवसापासून काकू शेवटच्या बाकावर.

आता जे सांगतेय ते मला आजही लागतं. पहिली दोन सेशन मी काकूंशी फक्त आत्मविश्वासावर बोलले, जुन्या शाळेच्या आठवणी, कमीपणाची भावना, हे सगळं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसं पण नव्हतं. तिसऱ्या सेशनला त्यांना एक कागद वाचायला दिला तेव्हा त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, वाचला, आणि मग भिंतीवरच्या घड्याळात बघायला काढून ठेवला. मी विचारलं, काकू क्लासमध्ये पण असंच करता का? म्हणाल्या, "हो मग, चाळिशीच आहे ना ती, दादर स्टेशनबाहेरून घेतलेली, खाली बटणं बघायला लावते आणि वर बघायला काढते."

तिथे सगळा उलगडा झाला. चाळिशीचा चष्मा हा हातात धरलेल्या पेपरच्या अंतरासाठी असतो, साधारण ४० सेंटिमीटर. कॉम्प्युटरचा स्क्रीन त्याच्यापेक्षा लांब असतो, ५० ते ७० सेंटिमीटर, फळा तर त्याहून लांब. चष्मा लावला तर स्क्रीन धूसर, काढला तर कीबोर्ड धूसर, आणि या लाव-काढ मध्ये सर तीन स्टेप पुढे गेलेले. काकू दर क्लासला दीड तास असं झगडत होत्या आणि घरी येऊन म्हणत होत्या माझ्या डोक्यात शिरत नाही. अहो, शिरणार कसं, आधी दिसायला तर हवं! मी त्यांना नीट डोळे तपासून घ्यायला पाठवलं, आणि चष्मेवाल्याला स्पष्ट सांगा म्हटलं की कॉम्प्युटरवर बसते, एवढ्या एवढ्या अंतरावर बघायचंय, हाताने दाखवा. सोबत शुगर पण तपासायला सांगितली कारण शुगर वर-खाली होत असेल तर नजर धूसर होते, ती नॉर्मल निघाली. नवीन चष्मा आला आणि काकू दुसऱ्या बाकावर आल्या.

म्हणून आता कोणी मला "वय झालं" म्हटलं की मी आधी डोळे, कान, झोप आणि जेवण विचारते. काकू पहाटे साडेचारला उठायच्या, तीनच्या क्लासला पोचेपर्यंत शरीराचे दहा-साडेदहा तास भरलेले असायचे. पेंग येणारच. आम्ही एवढंच केलं की क्लासच्या दिवशी दुपारचं जेवण हलकं आणि निघायच्या आधी वीस मिनिटं पडायचं, भांडी नंतर.

वयाचा परिणाम अजिबात नसतो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. नवीन गोष्ट पकडायचा वेग तरुणपणापेक्षा कमी होतो, हे खरंय. पण शब्दसंग्रह, अनुभव, व्यवहाराची समज हे सगळं साठीपर्यंत टिकून असतं, उलट वाढतं सुद्धा. हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नवीन शिकलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे विसरणं हे काकूंचं एकटीचं नाही, विशीतल्या पोरांचं पण तेच होतं, फक्त ती पोरं संध्याकाळी परत फोन-लॅपटॉपवर असतात आणि नकळत उजळणी होते. काकूंची उजळणी थेट पुढच्या क्लासला. मग ठरवलं की रविवारी दोन तास नाही, रोज रात्री दहा मिनिटं, क्लासच्या दिवशी तर त्याच दिवशी. एक वही केली, त्यात स्टेप मराठीत लिहायच्या, "आधी हे दाबायचं, मग ते उघडतं, मग सेव्ह". सरांना विचारलं तर ते वही तपासून द्यायला लगेच तयार झाले, त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. सर सव्वीस वर्षांचे, त्यामुळे काकूंना त्यांना "परत दाखवा" म्हणायला अवघड जायचं. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या सुनेला पोळी शिकवताना पहिले आठ दिवस काय व्हायचं? हसल्या, "नकाशे यायचे नुसते." मग माऊस पण तसाच, काकू. फोनला बोट लावलं की काम होतं, माऊसमध्ये हात टेबलावर आणि नजर वर, हे हाताला नवीन आहे, त्याला आठ-दहा दिवस नकाशे काढू द्या.

घरचं मात्र वेगळंच. मुलगा चांगला, आईवर जीव आहे, पण रात्री आई लॅपटॉपवर बसली की दोन मिनिटांत "आई दे इकडे, मी करतो पटकन". आणि काम व्हायचं पण, फक्त शिकणं व्हायचं नाही. मी त्याला एकदाच बोलावलं आणि एकच गोष्ट सांगितली, आई बसली की तू हात मागे बांधून उभं राहायचं, तोंडाने सांगायचं, माऊसला हात लावायचा नाही. त्याने ते खरंच पाळलं, मला वाटतं काकूंना सगळ्यात जास्त मदत त्याचीच झाली. काकांनी काही दिवस कुरकुर केली, चहा वेळेवर नाही म्हणून. मग स्वतः करायला लागले.

एवढं होऊनसुद्धा तो कोर्स काकूंनी पूर्ण केला नाही. मध्ये गणपती आले. घरी पाच दिवसांचा गणपती, वर उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, त्यात लालबाग म्हणजे गल्लीतून बाहेर पडायची मारामार. दोन आठवडे बुडाले, आणि मग जायची लाज. ही लाज मी फार वेळा बघितलीये, अभ्यास बुडाल्यापेक्षा परत वर्गात शिरण्याच्या त्या एका मिनिटामुळे जास्त माणसं सोडतात. मी काकूंना संस्थेत फोन करायला लावला, माझ्यासमोर बसून. पलीकडून उत्तर आलं की या बॅचचं उरलेलं झेपलं नाही तर पुढच्या बॅचला परत बसा, फी निम्मी. काकू पुढच्या बॅचला बसल्या आणि सर्टिफिकेट घेतलं. दोन वेळा बसल्या याचं त्यांना आधी वाईट वाटत होतं, मला अजिबात वाटलं नाही, संसार सांभाळून शिकणारा माणूस सरळ रेषेत शिकतच नाही.

डोंबिवलीच्या ताईंना आणि तुमच्यापैकी जे विचार करतायत त्यांना फी भरायच्या आधीचं थोडं सांगते. एक दिवस वर्गात नुसतं बसू देता का विचारा, बहुतेक जण देतात. बॅच भरली नाही तर फी परत मिळते का, आजारपणात तास बुडले तर काय, सर्टिफिकेट नुसतं हजेरीचं आहे की परीक्षेचं, आणि वयाची अट आहे का, हे सगळं तोंडावर विचारून घ्या. त्या श्रमिक विद्यापीठांनाच आता जन शिक्षण संस्थान म्हणतात, तिथले कोर्स स्वस्त आणि चांगले असतात पण ते मुख्यतः १५ ते ४५ वयासाठी आहेत, काकूंना तिथे म्हणूनच जमलं नव्हतं आणि त्या उगाच हिरमुसल्या होत्या. तीन महिन्यांच्या कोर्सने नोकरी लागेल असं कोणी सांगत असेल तर जरा थांबून विचार करा. आणि तिसरा-चौथा आठवडा जड जातो. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि हातात अजून काही आलेलं नसतं, माझ्याकडे "सोडतेय" म्हणणारे बहुतेक याच सुमारास येतात. त्या आठवड्यात निर्णय घेऊ नका, फक्त जा.

काकूंचं बिल आता टाईप होतं, मराठीत, खाली एकूण रक्कम आपोआप येते ती बघून त्या अजून खूश होतात. नंतर एकदा त्या फक्त हे विचारायला आल्या की दहावी देता येईल का. मी त्यांना एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माहिती दिली. दहावीला वयाची वरची मर्यादा नाही, मराठी माध्यम आहे, पाच विषय, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, जसा वेळ मिळेल तसे एक-एक, दोन-दोन दिले तरी चालतं. काकूंनी नोंदणी केली. मराठी आणि गृहविज्ञान सुटलेत, तीन राहिलेत, गणित त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलंय.