सोबत देणारे निवांत गेम: सुरुवात कुठून करायची?

थेट ‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) घे. शेती हा नुसता बहाणा, खरी मजा गावकऱ्यांत आहे. वाढदिवस सोडला तर एकाला आठवड्यातून दोनच भेटवस्तू देता येतात. त्यामुळे ओळख सावकाश वाढते, आणि तेच बरं. खेळातला दिवस साधारण 14 मिनिटांचा. झोपलं की गेम सेव्ह होतो, म्हणून मध्येच बंद करू नकोस. नफ्याचे हिशेब मांडणारे व्हिडिओ मात्र इतक्यात बघू नकोस, विरंगुळ्याची नोकरी होते!

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ खऱ्या घड्याळावर चालतो, रोज थोडं डोकावणाऱ्यांसाठी उत्तम. ‘स्पिरिटफेअरर’मध्ये पात्रांना मिठी मारता येते, पण ती एकेक करून कायमची निघून जातात. मन आधीच जड असेल तर तो नंतर खेळ.