जुन्या कंदांपासून ऑर्किडचे नवे रोप

ऑर्किडचे पाने गळून गेलेले जुने कंद, म्हणजे खोडाचे फुगीर भाग, टाकून देऊ नयेत, ही आपल्याला कळकळीची विनंती. कॅटलिया किंवा ऑन्सिडियम या प्रकारच्या ऑर्किडच्या अशा कंदाच्या तळाशी, सुकलेले आवरण हलकेच सोलल्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढा डोळा दिसतो. तो हिरवट आणि टणक असेल तर त्यातून कोंब फुटू शकतो, काळा पडून मऊ झाला असेल तर मात्र आशा ठेवू नये.

ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्याने दोन-तीन कंदांचा गट वेगळा करावा आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी, पण ती मुळांना लागू देऊ नये, कारण त्यामुळे मुळे सुकतात. दोन दिवसांनी हा गट घट्ट पिळलेल्या, जेमतेम ओलसर स्फॅग्नम मॉसवर (ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळावर) नुसता टेकवून ठेवावा. पुरला तर कुजतो.

पुण्यातील एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा या कामाला अनुकूल नाही. मी जूनमध्ये हवेत दमटपणा आल्यावरच कंद वेगळे करतो आणि पश्चिमेकडील बाल्कनी टाळतो. कोंबाला कधी सहा आठवडे, तर कधी सहा महिनेही लागतात. त्याला स्वतःची मुळे फुटेपर्यंत खत देऊ नये. फुलासाठी साधारण दोन-तीन वर्षे थांबावे लागते.