खासगी म्हणजे लपवलेले नव्हे

‘समाजमाध्यमे वापरणाऱ्यांना गोपनीयतेची पर्वा असते का?’ हा निबंधाचा विषय मुलीला शाळेत मिळाला असून त्यात ‘गोपनीयता’ योग्य की ‘खासगीपणा’, आणि ‘खासगी’ लिहावे की ‘खाजगी’, अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. दुसरी शंका लगेच मिटते. अरबी ‘खास’वरून फारसीत ‘खासगी’ झाले आणि पुढच्या ‘ग’च्या घोषामुळे मराठी तोंडात ‘स’चा, ‘जागा’मध्ये ऐकू येतो तो, ‘ज’ झाला. दोन्ही रूपे रुळलेली आहेत. चूक पहिल्या शंकेत आहे आणि ती रोज कानावर आदळते.

गोपनीय म्हणजे झाकून राखण्याजोगे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात तेव्हा सरकारी गुपिते फोडणार नाही अशी हमी देतात, आणि तिथे तो शब्द चपखल बसतो. मात्र माणसाच्या घरगुती आयुष्याला तो लावला की ‘लपवण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न पाठोपाठ आलाच. मग साखरपुड्याची चाळीस छायाचित्रे स्वतःच फेसबुकवर टाकणाऱ्याने गोपनीयतेची भाषा करणे हास्यास्पद वाटू लागते. ही विसंगती त्या माणसाची नाही, शब्दाची आहे.

‘खासगी’त लपवाछपवी नव्हतीच. मराठेशाहीत राज्याचा कारभार ती दौलत आणि राज्यकर्त्याच्या घरचा कारभार ती खासगी. पुण्यातले खासगीवाले हे आडनाव त्याच कारभारावरून पडले. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली, तिचा हिशेब दौलतीपासून वेगळा राहिला आणि गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. त्या उत्पन्नातून त्यांनी ठिकठिकाणी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. यात गुप्त काय होते? घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाला तो पैसा पायाखाली लागत होता. तो कोठे आणि किती खर्चायचा हे मात्र बाई ठरवत होत्या. उस्मानी सुलतानाच्या आवडत्या राणीला इस्तंबूलच्या राजवाड्यात ‘हासेकी’ असा किताब होता, तो हाच शब्द. दोन दूरच्या दरबारांत हा शब्द घरच्या बाईपाशी येऊन स्थिरावावा, यावरून माझी अशी लाडकी समजूत झाली आहे की ज्या उंबरठ्याआत धन्याचाही हुकूम विचारल्यावाचून चालत नाही, ती खासगीची खरी जागा. याला पुरावा मागू नये.

आमच्या शुद्धिवादी मित्रांना फारसी वळणाचा शब्द नको असतो, म्हणून ते ‘गोपनीयता’ पुढे करतात. ज्या ‘गुप्’ धातूवरून ती आली त्याच धातूवरून ‘जुगुप्सा’ही आली आहे, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे. हिंदीतली ‘निजता’ उचलावी, तर मराठी कानाला तीत झोप ऐकू येते. शब्दात संशय कसा शिरतो हे पाहायचे असेल तर ‘खलबत’ पाहावे. अरबी ‘खल्वत’ म्हणजे केवळ एकांत. मराठीने त्याचे खलबत केले आणि एकांतात बसलेली माणसे कट रचत असणार असे गृहीत धरले. खासगीपणाला गोपनीयता म्हणणारे तीच कृती पुन्हा करत आहेत.

राहिला निबंधाचा विषय. पर्वा असते. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दाखवायला आरंभ केला तेव्हा लोक चिडले आणि लवकरच त्या बंद करण्याची सोय द्यावी लागली. संदेश वाचला यात गोपनीय काहीही नाही. पण वाचल्याचे समोरच्याला कळू द्यावे की नाही, हे ठरवणे खासगीतले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी ज्या हक्काला मूलभूत म्हटले त्याच्या गाभ्याशीही असे ठरवण्याचे स्वातंत्र्यच आहे, आणि त्याला ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणणारे भाषांतरकार तो हक्क नकळत आकसून टाकतात. तेव्हा मुलीने निबंधात ‘खासगीपणा’च लिहावा, आणि तिने ‘स’च्या जागी ‘ज’ लिहिला तरी शिक्षकांनी गुण कापू नयेत.