डिकीतला कुंदा

खानापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वजन कमी करायला पोटाचं बायपासचं ऑपरेशन केलं, त्याला दोन वर्षं झाली. आता दुपारी जेवल्यावर दोनेक तासांनी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यापुढं अंधारी येते. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत. त्यांना कसं समजवावं?

सासूबाईंचं राहू दे बाई. तू जाता जाता लिहिलंयस, 'तीनला लेकीला शाळेतून आणायला जाते, म्हणून स्कूटीच्या डिकीत कुंद्याचा डबा ठेवलाय.' खव्याची मिठाई जवळ ठेवतेस, म्हणजे वाटेत असं होणार हे तुला ठाऊक आहे! तरी गाडी काढतेस, आणि येताना मागं लेक बसलेली असते. वाचून काळजात धस्स झालं. साखर फार उतरली की डोकंच चालत नाही, गाडी बाजूला घ्यावी एवढंही सुचत नाही.

एकला जेवतेस आणि तीनला हे होतं, त्यातच सगळं आलं. बायपासनंतर भात भराभर लहान आतड्यात उतरतो. रक्तातली साखर झपाट्यानं चढते, त्यावर इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर कोसळते. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी हे सुरू होतं, म्हणून त्याचा संबंध कुणी ऑपरेशनशी लावत नाही.

त्यावर कुंदा कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, तोवर तू दोन घास जास्त खातेस आणि तासाभरानं पुन्हा तेच. ग्लुकोमीटर घे. थरथर सुरू झाली की लगेच बोट टोचून बघ. आकडा 70 च्या खाली असला तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घे, पंधरा मिनिटांनी परत मोज. 70 च्या वर गेला की मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं खा, नाहीतर पुन्हा उतरेल.

दुपारचा भात बंद. अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, सोबत अंडं किंवा पनीर. उसळीपासून सुरुवात कर, सावकाश चावून खा. पाणी, ताक जेवणानंतर अर्ध्या तासानं.

वेळ, जेवण, आकडा असं आठवडाभर वहीत लिही आणि वही सर्जनना दाखव. उपाशीपोटीही साखर उतरत असेल तर आठवडा थांबू नकोस, कारण त्याचं कारण वेगळं असू शकतं.

आणि स्कूटीची किल्ली आज घरात दुसऱ्या कुणाकडं तरी दे. सोमवारपासून लेकीला शाळेची रिक्षा लाव. डॉक्टर आकडे बघून हो म्हणेपर्यंत तू गाडीला हात लावायचा नाहीस.