वाहन-विचार : एक शॉकअप गळू लागला, तर चारही बदलावेत का?

प्रश्न : माझ्याकडे सात आसनी डिझेल एसयूव्ही असून तिचे सुमारे ९०,००० किलोमीटर झाले आहेत. मागच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळू लागले आहे. एका गॅरेजने चारही बदलण्यास सांगितले, दुसऱ्याने गळका तेवढाच बदलू असे म्हटले, तर तिसऱ्याने जुनाच उघडून व तेल भरून निम्म्याहून कमी पैशांत देण्याची तयारी दाखवली. गणपतीला सहकुटुंब कुडाळला जायचे आहे. काय करावे? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : मागचे दोन्ही शॉकअप एकत्र बदलावेत, पुढच्या दोघांविषयी तपासणी करूनच ठरवावे आणि तेल भरून देण्याचा प्रस्ताव सरळ नाकारावा.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचे काम त्या स्प्रिंगची उसळी आवरण्याचे असते. नळीतील पिस्टन बारीक झडपांमधून तेल ढकलतो, त्या प्रतिकारात उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि चाक रस्त्याला टेकून राहते. एकाच एक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या एकाच जोडीवर, एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला दमलेला शॉकअप असला, की वळणावर किंवा अचानक ब्रेक लावल्यावर गाडीची डावी-उजवी बाजू निरनिराळी वागते. आपल्या गाडीसारख्या उंच आणि वजनदार वाहनात हा फरक धोक्याचा ठरतो, म्हणून एका एक्सलवरची जोडी मोडू नये. पुढची जोडी मात्र मागच्या जोडीबरोबरच बदलली पाहिजे, असा काही नियम नाही.

त्याआधी गळती खरी आहे का, हे पाहावे. पिस्टनच्या दांड्याभोवतीच्या सीलपाशी तेलाचा पातळ थर आणि त्यावर बसलेली धूळ हा दोष नव्हे. तेल ओघळून नळीच्या खालच्या भागापर्यंत आले असेल, तर मात्र सील गेले असे समजावे. बंपर दाबून गाडी किती हलते हे पाहण्याची पद्धत एवढ्या जड गाडीत फारशी उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावरून अर्धा तास गाडी चालवून आणल्यावर चारही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. काम करणारा शॉकअप कोमट लागतो, तर निकामी झालेला आपल्या जोडीदारापेक्षा थंड राहतो. पुढच्या टायरांवर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसत असेल किंवा ब्रेक लावताच नाक जास्तच खाली जात असेल, तर पुढची जोडीही बदलण्याच्या यादीत घालावी. केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून हे ठरत नाही. गतिरोधक, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाच्या पाण्याखाली दडलेले खड्डे रोज झेलणाऱ्या मुंबईच्या गाडीची तुलना बव्हंशी महामार्गावर धावलेल्या गाडीशी करता येत नाही.

तेल भरून देण्यातली अडचण अशी की, कारखान्यात कायमची बंद केलेली नळी कापून पुन्हा वेल्डिंग करावी लागते. झिजलेला दांडा तोच राहतो, आणि गॅसच्या शॉकअपमधला नायट्रोजनचा दाब सहसा पूर्ववत होत नाही. काही आठवडे बरे वाटते, एवढेच.

सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारातून घ्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. चेसिस क्रमांकावरून पार्ट नंबर जुळवून पक्के बिल घ्यावे, कारण एकाच मॉडेलच्या दोन व चार चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्त्यांचे शॉकअप वेगळे असू शकतात. दुकानदार गाडी उंच करणारा संच सुचवतील. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहावे. त्यांना ते आवडत नाही, हे मान्य. मागची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलने जोडलेली असतील, अशा गाडीत शॉकअपच एक्सलला खाली लोंबण्यापासून रोखत असतो, म्हणून बोल्ट सोडण्याआधी एक्सलला खालून जॅकचा आधार द्यावा; नाहीतर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. दांड्याचा चकचकीत भाग पकडीने धरू देऊ नये, कारण त्यावरचा ओरखडा नवे सील फाडतो. सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते शॉकअपच्या टोकांना जोडणीत असलेल्या रबरी बुशांकडे. गाडी हवेत असताना बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर ती खाली उतरताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. म्हणून अखेरचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) करावे. पुढच्या चाकांचा, स्प्रिंगसह एकत्र असलेला शॉकअप काढावा लागला, तर दाबलेली स्प्रिंग जीवघेणी ठरू शकते. ते काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणीच द्यावे आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. एक्सल अखंड असेल, तर मागच्या कामानंतर तिची सहसा गरज पडत नाही.

हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी न करता आठवडाभर आधी करावे, म्हणजे एखादा बोल्ट सैल राहिला असल्यास खडखडाट शहरातच ऐकू येईल. निघताना गाडीत सात माणसे आणि सामान असणार, तेव्हा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेला हवेचा दाब टायर थंड असताना भरून घ्यावा.